हळदीचं निशाण

कोकणातला माणूस म्हणजे जन्मजात खलाशी, हा समज देशावरच्या लोकांनी आपणहून करून घेतलेला आहे. मी तो कधी खोडून काढला नाही, एवढंच. आमचं गाव समुद्रापासून फार लांब नाही हे खरं. घरामागच्या टेकडीवर चढलं, फणसाची फांदी बाजूला केली आणि हवा स्वच्छ असली, तर क्षितिजावर एक निळी रेघ दिसते. त्या रेघेशी आमच्या घराण्याचा संबंध इतकाच, की तिकडून मासे यायचे. मी स्वतः आयुष्यात एकदाच बोटीत बसलो होतो. खाडीवर गाड्या वाहून नेणारी साधी फेरीबोट ती. या काठावरून त्या काठाला जायला एखादं गाणं संपेल एवढाच वेळ लागतो. तेवढ्यात मी ओकलो. तेही एका नवरदेवाच्या सजवलेल्या गाडीवर.

तर अशा मला, कुवेतहून बहरीनला शिडाच्या बोटीने जाण्यासाठी, खलाशी म्हणून निवडण्यात आलं.

निवडणारे डॉक्टर आमच्याच हॉस्पिटलातले, हाडांचे. मी तिथे लॅब टेक्निशियन. माणसाच्या शरीरातून निघणाऱ्या बहुतेक सगळ्या द्रवांशी माझी घसट आहे, फक्त समुद्राच्या पाण्याशी नाही. डॉक्टर पुण्याचे. म्हणजे ज्या गावात पाण्याचा सगळ्यात मोठा साठा धरणात असतो आणि त्यावरूनही वर्तमानपत्रात वाद चालतात, त्या गावचे. पण लहानपणी त्यांनी कुठल्याशा मासिकात शिडाच्या बोटीचं चित्र पाहिलं आणि ते डोक्यात घट्ट बसलं. आपल्याकडे आखातात निवृत्त होणारा माणूस पुण्यात तिसरा फ्लॅट घेतो, मराठी मंडळाच्या निरोप समारंभात शाल, नारळ आणि काचेचं काहीतरी स्वीकारतो, 'आता समाजासाठी काहीतरी करायचंय' असं म्हणतो आणि मग आयुष्यभर त्या तिसऱ्या फ्लॅटच्या भाडेकरूशी भांडतो. डॉक्टरांनी शाल घेतली, नारळ घेतला, काचेचं घेतलं आणि मग एका परत जाणाऱ्या युरोपियन इंजिनियरची जुनी शिडाची बोट घेतली. बोटीने बहरीन, तिथून मस्कत, तिथून थेट रत्नागिरी. बहरीनपासून पुढे एक अनुभवी गोवेकर येणार होता. बहरीनपर्यंत मात्र बरोबर दुसरं कोणीतरी हवं होतं.

गणपतीच्या जेवणात, तिसऱ्या मोदकानंतर, मी म्हणालो होतो, "अहो डॉक्टर, समुद्र आमच्या रक्तात आहे."

रोज रक्त तपासणाऱ्या माणसाने हे म्हणायला नको होतं.

"मग ठरलं," डॉक्टर म्हणाले. "तू येतोस."

वहिनी, म्हणजे डॉक्टरांच्या सौभाग्यवती, साखरभात वाढत होत्या. त्या म्हणाल्या, "भावजी, यांना घरातला बल्ब बदलायला स्टुलावर चढलं की गरगरतं. तुम्हाला काय होतं?"

"मला काही होत नाही, वहिनी."

"मग तुम्ही स्टूल धरा," वहिनी म्हणाल्या आणि पुढच्या पानाकडे गेल्या.

वहिनींचा बोटीवर काडीचाही विश्वास नव्हता. रुमैथियातलं घर रिकामं करून त्या विमानाने पुण्याला जाणार होत्या आणि त्यांनी तिकिटं दोन काढली होती. एक स्वतःचं, एक डॉक्टरांचं. डॉक्टरांची रेसिडेन्सी रद्द झालेली. ठरल्या दिवसापर्यंत देश सोडणं भाग होतं. त्या दिवशी बोट सुटली तर सुटली. नाही सुटली, तर रात्रीच्या विमानात वहिनींच्या शेजारची सीट डॉक्टरांची आणि बोट इथेच, येईल त्या गिऱ्हाइकाला. "घेईल कोणीतरी कुंड्या लावायला," असं वहिनी म्हणत. हाडाचा एक्स-रे बघताना, तुटलंय हे कळूनही रोग्याला लगेच सांगायचं नसतं, तसा चेहरा करून डॉक्टर बसत.

स्वतःची बोट घेऊन देशाबाहेर जाणं ही काय चीज आहे, हे मला तेव्हा कळलं. विमानाने जाणाऱ्याला कोणी विचारत नाही की विमान कोणाचं, त्यात डाळ किती आणि पायलटच्या वडिलांचं नाव काय. बोटवाल्याला सगळे सगळं विचारतात. कस्टम्सला सामान हवं, पासपोर्टवाल्यांना माणसं हवीत, तटरक्षकांना बोट हवी, मरिनाच्या, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या जागेच्या, ऑफिसला आपलं येणं साफ झाल्याची चिठ्ठी हवी. डॉक्टरांनी एक मंदूब गाठला होता. मंदूब म्हणजे दुसऱ्याची कागदपत्रं काखेत मारून या खात्यातून त्या खात्यात हिंडणारा माणूस. तो इतके दिवस माणसांची कागदपत्रं करत होता, बोटीची कधी केली नव्हती. तरी त्याने सगळं जमवून आणलं. ठरल्या दिवशी सकाळी मरिनात पासपोर्टवर बाहेर पडल्याचा शिक्का बसणार, दुपारी तटरक्षकांची लाँच येऊन शेवटची नजर टाकणार आणि सूर्यास्ताच्या आत आम्ही मरिना सोडायची. नाहीतर सगळं रद्द.

माझ्याकडे खातं आलं झेंड्यांचं.

डॉक्टरांनी मला नौकानयनाचं एक जाड पुस्तक दिलं आणि झेंड्यांचं प्रकरण वाचायला सांगितलं. मी ते रिग्गईच्या माझ्या खोलीत, भात शिजेपर्यंत वाचलं. त्यातून मला कळलं, की परक्या देशात शिरताना त्या देशाचा झेंडा लावायचा आणि कस्टम्समधून मोकळं होईपर्यंत एक चौकोनी पिवळं निशाण लावायचं. त्या पानाच्या पुढे बाकीच्या निशाणांची रंगीत चित्रं होती. ती मी पाहिली नाहीत, कारण भात लागल्याचा वास आला.

बहरीनचा झेंडा मिरकाबमधल्या एका दुकानात लगेच मिळाला. पिवळं निशाण मिळेना. दुकानदाराने एका फुटबॉल क्लबचा पिवळा झेंडा दाखवला. मधे क्लबचं चिन्ह, खाली अरबीत काहीतरी त्वेषाचं. हा लावून गेलो तर कस्टम्स सोडेल, पण समोरच्या क्लबचे लोक सोडणार नाहीत, असं तोच म्हणाला. माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. माझ्या डोक्यात प्रकाश पडतो तेव्हा आसपासच्या लोकांनी बाजूला व्हावं.

पिवळा रंग म्हणजे हळद. आम्हा मराठी माणसांच्या घरी लग्न हळदीने, जखमेवर हळद, घसा धरला तर हळद. मग निशाणाला का नको? मी उशीचा पांढरा अभ्रा चौकोनी कापला, पातेल्यात हळद उकळली आणि त्यात तो बुडवला. माझ्या खोलीतला भागीदार, वेंगुर्ल्याकडचा एक एसी मेकॅनिक, पातेल्यात डोकावून म्हणाला, "आमटी?"

"झेंडा."

तो बाहेरून जेवण मागवायला गेला.

निशाण देखणं झालं, हे कबूल करायलाच हवं. उन्हात वाळल्यावर असं झळझळीत पिवळं, की नवरीकडच्यांनी नेलं असतं. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "वा. कोकणी माणूस अडत नाही बघ." वहिनींनी लांबूनच नाक आखडून म्हटलं, "पिठल्याचा वास येतोय."

ठरल्या दिवशी सकाळी सगळं नीट झालं. पासपोर्टवाले आले, यादीत दोन नावं, दोन चेहरे, दोन शिक्के. आम्ही कागदोपत्री कुवेतच्या बाहेर आणि पायांनी अजून लाकडी धक्क्यावर, अशा त्रिशंकू अवस्थेत राहिलो. डॉक्टर मरिना ऑफिसची चिठ्ठी आणायला गेले. वहिनी घराच्या किल्ल्या देऊन, राहिलेलं खाण्याचं सामान घेऊन दुपारी येणार होत्या. मी बोटीवर एकटा उरलो. नवीन टोपी, नवीन तपकिरी गॉगल. वाटलं, अधिकारी येणार तर बोट चकचकीत दिसावी. बादलीभर पाण्यात कपड्यांची पावडर ढवळली आणि डेक घासायला घेतला.

घासताना आठवलं, कस्टम्समधून मोकळं होईपर्यंत पिवळं निशाण. आपण अजून कुठे मोकळे झालोय? म्हणून मी बॅगेतून निशाण बाहेर काढलं. दोरीला बांधताना कप्पीचं काळं ग्रीस एका कोपऱ्याला लागलं. स्वच्छतेची सवय वाईट. मी निशाणाचा एक कोपरा हातात धरला आणि समोरचा कोपरा, तिरकं अर्धं निशाण भिजेपर्यंत, साबणाच्या बादलीत खळबळला, पिळला आणि वर चढवला. ओला भाग जरा गडद वाटला. पण ओलं फडकं गडद दिसायचंच आणि तपकिरी गॉगलातून तर मला समुद्रही चहासारखा दिसत होता.

आता ज्यांनी आईच्या हाताखाली एकदा तरी हळदीचा डाग साबणाने धुतला आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. हळदीला साबण लागला की ती लालभडक होते. हे शाळेतल्या पोराला माहीत असतं. लॅब टेक्निशियनला तर त्याची कारणमीमांसा करण्याबद्दल पगार मिळतो.

थोड्या वेळाने लांबून सायरन ऐकू आला. तटरक्षकांची लाँच निळे दिवे लुकलुकवत, पाणी फाडत सरळ आमच्याकडे येत होती. मला भरून आलं. खाजगी बोटीला निरोप देतानाही हे लोक एवढा मान देतात. मी झाडू खाली ठेवला, ताठ उभा राहिलो आणि सलाम ठोकला.

लाँचवरून एका तरण्याबांड जवानाने फेकलेली हवेची रिंग माझ्या छातीवर आदळली.

त्यांचा मुख्य अधिकारी पिकल्या मिशांचा, शांत माणूस होता. हिंदी चांगली बोलायचा. नंतर कळलं, त्याचे आजोबा शिडाची मोठी गलबतं घेऊन खजूर विकायला मुंबईला जायचे. त्याने विचारलं, "कौन गिरा?"

"कोई नहीं गिरा," मी म्हणालो.

त्याने वर बोट केलं. मी गॉगल काढला. निशाण वाऱ्यावर फडफडत होतं. तिरक्या रेघेच्या एका बाजूला पिवळं, दुसऱ्या बाजूला लाल. असं निशाण जगातल्या सगळ्या समुद्रांवर एकाच गोष्टीसाठी लावतात, हे मला त्या अधिकाऱ्याने सांगितलं. माणूस पाण्यात पडला आहे. मी न पाहिलेल्या रंगीत चित्रांमध्ये ते होतं.

"दो आदमी का लिस्ट है," तो म्हणाला. "दूसरा किधर?"

"मरिना ऑफिसात."

त्याने वायरलेसवर विचारलं. ऑफिसने सांगितलं, डॉक्टर चिठ्ठी घेऊन केव्हाच गेले.

मी धक्क्याकडे पाहिलं. धक्का रिकामा. मग तो तरणा जवान काहीतरी म्हणाला आणि त्याने पाण्याकडे हात केला. बोटीच्या मागच्या बाजूला एक कोल्हापुरी चप्पल तरंगत होती. एकच.

आता, ती चप्पल डेकवरून साबणाच्या पाण्याबरोबर मीच झाडूने लोटली असणार, हे आज सांगायला सोपं आहे. तेव्हा डोक्यात दुसरंच आलं. डॉक्टर परत आले असतील, ओल्या साबणावरून पाय घसरला असेल आणि आपण टोपी घालून सलाम करत होतो. मी कठड्यावरून वाकून पाण्यात "डॉक्टर, डॉक्टर" अशा हाका मारायला लागलो. जवानाने बूट काढले आणि उडी मारली.

नेमक्या त्या वेळी वहिनी आल्या. दोन्ही हातांत पिशव्या, खांद्याला पर्स, मागे टॅक्सीवाला एक खोकं घेऊन. त्यांनी निळे दिवे पाहिले, पाण्यात बुडी मारणारा माणूस पाहिला, चप्पल पाहिली. पिशव्या त्यांनी हातातून खाली ठेवल्या नाहीत, उलट मुठी अशा आवळल्या की पिशवीचा बंद बोटात रुतला. मला वाटतं, तेवढ्या वेळात त्या कुठेतरी फार लांब जाऊन आल्या.

मग म्हणाल्या, "आत बघितलंत का?"

"कुठे आत?"

"बोटीच्या आत, भावजी. माणूस हरवला की आधी घरात बघतात."

कोणीच आत बघितलं नव्हतं. मी नाही, तटरक्षक नाहीत. निशाण पाण्यात म्हणत होतं, तर सगळे पाण्यात बघत होते. वहिनी पिशव्यांसकट बोटीत चढल्या, शिडीवरून खाली उतरल्या आणि पुढच्या केबिनमधून त्यांचा आवाज आला, "अहो. उठा. तुम्ही बुडालात."

डॉक्टर पुढच्या झाकणातून डोकं बाहेर काढून वर आले. गालावर उशीच्या वळ्या. झालं होतं असं, की माझ्याप्रमाणेच त्यांनाही समुद्र लागायचा. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. ऑफिसमधून परतल्यावर, मी पाण्याच्या नळाकडे बादली भरायला गेलो असताना, ते गुपचूप आत गेले, उलटीची गोळी घेतली, खात्रीसाठी आणखी एक घेतली आणि 'जरा पडतो' म्हणून पडले. रत्नागिरीपर्यंत निघालेले हे दोन दर्यावर्दी. एक बोट धक्क्याला बांधलेली असताना गोळी खाऊन झोपलेला, दुसरा त्याच्या नावाने पाण्यात बोंबलणारा.

पाण्यातून जवान वर आला. त्याच्या हातात चप्पल होती. ती त्याने अदबीने डॉक्टरांना दिली.

मला वाटलं, आता हसून सोडतील. अधिकारी हसला नाही. खोटा संकटाचा इशारा देणं हा पोरखेळ नाही, तो म्हणाला. एकदा का लोक खोटं निशाण लावायला लागले, की खऱ्याकडे कोण धावेल? त्याचं बरोबर होतं, म्हणून जास्त लागलं. हे मुद्दाम केलं की चुकून, ते त्याला कळायला हवं होतं. आणि ते कळेपर्यंत बोट हलणार नव्हती. डॉक्टरांनी मावळतीकडे पाहिलं. ऊन अजून होतं, पण उतरणीचं.

"शिवाय पिवळं तरी का लावलंत?" अधिकाऱ्याने विचारलं. "ते येणाऱ्याने लावायचं असतं. तुम्ही तर जाताय."

मी पिवळ्याची बाजू सोडली आणि लालकडे वळलो.

"हा लाल रंग आपोआप आला," मी सांगितलं. "हळद आहे ती. कुरकुम. साबण लागला की लाल होते."

"रंग आपोआप येतो?"

"दाखवतो."

मग मी त्या दिवसातलं एकमेव काम केलं जे मला येत होतं. वहिनींच्या पिशवीतली हळद घेतली, स्टीलच्या ताटलीत पाण्यात कालवली, बादलीतलं साबणपाणी थेंबाथेंबाने सोडलं. लाल. वहिनींनी पुढे केलेलं लिंबू पिळलं. पुन्हा पिवळं. ओला जवान गुडघ्यांवर हात ठेवून बघत होता. तो म्हणाला, "मर्रा सानिया," म्हणजे पुन्हा कर. मी पुन्हा केलं. त्याने लाँचवरच्या दुसऱ्याला बोलावलं. मी पुन्हा केलं. आयुष्यात मी असंख्य रिपोर्ट दिले असतील, पण निकालाची एवढ्या आनंदाने वाट बघणारे लोक मला कधी भेटले नव्हते.

अधिकाऱ्याने ताटलीला बोट लावलं, वास घेतला आणि मान डोलावली. झालं, सुटलो, असं म्हणेपर्यंत लाँचवरचा कस्टम्सचा माणूस पुढे झाला. त्याने वहिनींच्या पिशवीकडे बोट दाखवलं.

"असली पावडर आणखी किती आहे?"

आता या प्रश्नाचं उत्तर मराठी बाईला विचारू नये. खोकं उघडलं. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची चटणी, सुंठ, नाचणीचं सत्त्व. सगळं नावाशिवाय, गाठ मारलेल्या साध्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत. समुद्रातून जाणाऱ्या खाजगी बोटीवर, कुठलंही लेबल नसलेल्या, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सगळ्या छटांच्या भुकट्या. कस्टम्सच्या माणसाच्या चेहऱ्यावर नोकरीचं सार्थक झाल्याचा भाव आला. त्याने एकेक पिशवी उन्हात धरली. काळ्या मसाल्याची गाठ सोडून नाक आत घातलं आणि तो शिंकत सुटला. त्याच्या शिंका थांबेपर्यंत सगळं सरकारी कामकाज बंद होतं.

"बाई," डोळे पुसत त्याने विचारलं, "खशखाश आहे?"

"खसखस?" वहिनी म्हणाल्या. "या देशात उभा संसार केला मी खसखशीशिवाय. अनारसे साखरेवर थापले, खिरीत काजू वाटला. जायच्या दिवशी नियम मोडीन होय?" हे सगळं मराठीत. मग हिंदीत, "नहीं है. खाके देखो." आणि मेतकुटाची चिमूट त्याच्या तळव्यावर ठेवली. तो बिचकला. वहिनी हलल्या नाहीत. त्याने खाल्लं. मग जवानाने हात पुढे केला. मग अधिकाऱ्यानेही. शेवटी वहिनींनी डब्यातून दही काढलं, त्यात मेतकूट कालवलं आणि पोळीबरोबर सगळ्यांना दिलं. समुद्राकडे पाठ करून, त्रिशंकू बोटीवर, कुवेतच्या आत की बाहेर ठरत नसलेल्या त्या जागेत सगळे जेवले.

हात धुऊन अधिकाऱ्याने मला विचारलं, "तुमचे आजोबा समुद्रावर होते?"

"पोस्टात होते."

त्याने मान हलवली, जणू हेच ऐकायचं होतं. मग निकाल सांगितला. बोट जाऊ शकते. डॉक्टर जाऊ शकतात. पण निशाण ज्याने चढवलं, त्याने तटरक्षकांच्या ऑफिसात येऊन जबाब द्यायचा. माझा बाहेर पडल्याचा शिक्का रद्द. मी कुवेतच्या बाहेर काही तास राहून, धक्का न सोडता, परत आलो होतो.

"पण दोन माणसं लागतात," डॉक्टर म्हणाले. "मी एकटा नेऊ शकत नाही."

दुसरा माणूस आणायचा कुठून आणि सूर्य बुडायच्या आत त्याची कागदपत्रं कशी करायची? डॉक्टर बराच वेळ शिडाच्या गुंडाळलेल्या कापडावरून हात फिरवत बसले. मग उठले, दुसरी चप्पल शोधली, दोन्ही पायांत घातल्या. वहिनींनी पर्स उघडली. मला वाटलं, विमानाची तिकिटं काढतायत. त्यांनी स्वतःचा पासपोर्ट काढला आणि अधिकाऱ्याच्या हातात दिला.

"अहो," त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "कुठला दोर ओढायचा असतो?"

"कशासाठी?"

"बोट चालण्यासाठी."

"आधी इंजिन लावतात," डॉक्टर म्हणाले. "तू... तुला गरगरेल."

"मला कशाने गरगरत नाही. गरगरतं तुम्हाला. एवढं सामान भरलंय, ते वाया न घालवता संपवायला माणूस नको का? आणि बहरीनहून विमानं सुटतात, मला माहीत आहे. आवडलं नाही तर तिथून जाईन."

पासपोर्टवाल्याला परत बोलावलं, यादीत माझं नाव खोडून त्यांचं घातलं. टॅक्सीतून वहिनींची बॅग आली. तिच्यात साडी-चोळीचं सामान होतं, विमानातून उतरून सरळ नणंदेच्या वास्तुशांतीला जायचं म्हणून. आता ती साडी वास्तुशांतीला बहरीनमार्गे जाणार होती.

मी धक्क्यावरचा दोर सोडायला गेलो. निदान तेवढं तरी मला येईल असं वाटलं होतं. गाठ जवानाने सोडली. बोट हलली तशी वहिनी कठड्याशी आल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "भावजी, खरं सांगा. लॅबमधल्या माणसाला हळद आणि साबण माहीत नाही, असं होत नाही. मुद्दाम केलंत ना?"

मी नुसता हसलो. बोट फिरली आणि किनाऱ्यावरच्या इमारतींची सावली सोडून मोकळ्या पाण्यावर गेली. डॉक्टर चाकाशी होते आणि वहिनी त्यांना काहीतरी सूचना देत होत्या, हे इतक्या लांबूनही दिसत होतं.

ऑफिसात जबाब लिहिताना अधिकाऱ्याने व्यवसाय विचारला. मी सांगितला. त्याने पेन थांबवलं. "कुठल्या हॉस्पिटलात?" त्याच्या आईची साखर आमच्याकडे तपासली जायची. त्याने ते नाव शांतपणे लिहून घेतलं. त्यानंतर म्हातारी आमच्याकडे आलेली मी पाहिली नाही.

मंडळात ही हकीकत पोचायला मला घरी पोचायला लागला तेवढाही वेळ लागला नाही. पण पोचली ती वेगळीच. सगळ्यांचं मत असं, की नवराबायकोला एकत्र पाठवायचं म्हणून मी हे घडवून आणलं, कोकणी माणूस महा बेरकी. दिवाळीच्या कार्यक्रमात माझा 'पडद्यामागचा सूत्रधार' म्हणून सत्कार झाला. शाल मिळाली. मी नम्रपणे मान खाली घातली. गाढव ठरण्यापेक्षा बेरकी ठरणं परवडतं, एवढा हिशेब मलाही कळतो.

वहिनी बहरीनला उतरल्या नाहीत. मस्कतहून त्यांचा निरोप आला: 'हे ओकतात. मी चाक धरते.' खाली पुन्हा तोच प्रश्न, मुद्दाम केलंत ना? अजून त्या तो मधूनमधून विचारतात. मी हात जोडलेलं चित्र पाठवतो.